जुनी छोटी ऑटोमॅटिक घेताना गिअरबॉक्स कसा पारखला

बजेट पाच लाखांच्या आत, गाडी रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालणार आणि डाव्या पायाची क्लचमधून सुटका हवी, एवढ्याच माझ्या अटी होत्या. या पैशांत जुन्या बाजारात चार जातींचे गिअरबॉक्स मिळतात आणि एजंट चारही गाड्यांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो. कोणता कमी बिघडतो यावर वाद घालत बसलं तर संपतच नाही. त्यामुळे मी बिघडल्यावर कोण दुरुस्त करेल आणि कितीत, इथून सुरुवात केली. यादी लगेच आखूड झाली.

सर्वात आधी पोलो जीटी टीएसआय गळली. तिचा सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचवाला गिअरबॉक्स) चालवायला झकास, पण दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे ऑइलमध्ये न बुडलेले, आणि वर गिअर बदलणारं कॉम्प्युटर-व्हॉल्व्हचं मेकॅट्रॉनिक युनिट. ते गेलं की आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याच्या हातात काही राहत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या) गाड्या म्हणजे जुनी आय१०, ग्रँड आय१० (चार गिअर) आणि होंडा ब्रिओ (पाच गिअर). माझ्या मते टिकाऊपणात याच सगळ्यांत वर. पेट्रोल जास्त पितात आणि आता वयस्कर झाल्यात, एवढंच. यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, बघायचं: लालसर असेल तर ठीक, काळपट आणि जळका वास असेल तर पुढे बघायचीच गरज नाही. चालवताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) क्षणभर उगाच वर उडतो का, तेही बघावं.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स, मिळतो तो २०१५ ते २०२२ दरम्यानची बलेनो, २०१५ नंतरची जॅझ, निसान मायक्रा यांत. दोन पुलींमध्ये स्टीलचा पट्टा असतो आणि त्या पट्ट्याचं आयुष्य ऑइलवर अवलंबून असतं. कंपनीने सांगितलेलंच सीव्हीटी फ्लुइड लागतं. कोणी साधं एटीएफ ओतलं असेल तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात. म्हणून इथे ऑइल बदलल्याचं बिल हा माझा पहिला निकष. बिल नाही, तर गाडी नाही. टेस्टमध्ये हलक्या ॲक्सिलरेटरवर २० ते ४० च्या वेगात गाडी थरथरते का आणि वेगासोबत चढत जाणारी शिट्टीसारखी घरघर येते का, हे ऐकायचं. बंद पडल्यावर पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढली होती का, हेही विचारायचं. इंजिन बंद असताना आतलं ऑइल फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडाच घासतो. पूर्ण गिअरबॉक्स बदलायची वेळ आली तर हिशेब लाखाच्या घरात जातो.

उरली एएमटी, आणि बजेटमधल्या बहुतेक गाड्या याच. फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओने ही पद्धत आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आणली. मग अल्टो के१०, वॅगन आर, टियागो, क्विड, सँट्रो. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं ॲक्च्युएटर नावाचा भाग करतो. म्हणजे तपासायच्या गोष्टी दोन: क्लच आणि ॲक्च्युएटर. यातला क्लच कोणीही मेकॅनिक बदलतो. ॲक्च्युएटरचा खर्च मात्र कित्येक हजारांत जातो.

मारुतीसारख्या हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) एएमटीत ॲक्च्युएटरची परीक्षा इंजिन सुरू करण्याआधीच होते. गाडी रात्रभर उभी हवी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाचा घूंऽऽ आवाज येतो, दोन-तीन सेकंदांत प्रेशर भरतं आणि थांबतो. मग इग्निशन ऑन, इंजिन बंद, ब्रेक दाबून लिव्हर एन-डी-एन-आर (न्यूट्रल-ड्राइव्ह-न्यूट्रल-रिव्हर्स) असा फिरवत राहायचा. निरोगी युनिटमध्ये प्रेशर साठलेलं असतं, त्यामुळे काही गिअर पडल्यावरच पंप पुन्हा चालतो. प्रत्येक गिअरला पंप धावत असेल किंवा काही न करताही मधूनमधून चालू होत असेल, तर ॲक्युम्युलेटर (प्रेशर साठवणारा भाग) गेलाय किंवा कुठेतरी गळती आहे. अशा गाडीत पुढे पंपाची मोटर किंवा रिले जळतो.

क्लचसाठी आधी सपाट रस्ता. डीमध्ये ब्रेक सोडला की गाडी अलगद सरकायला हवी. थरथरत सरकत असेल तर लगेच नकार देऊ नये. गॅरेजचा स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग (क्लच नेमका कुठे पकडतो हे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं) करून घेतल्यावर थरथर गेली तर प्रश्न ॲडजस्टमेंटचा होता. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये फिरवून गरम झाल्यावरच थरथरत असेल, तर प्लेट जळून गुळगुळीत झालीय. त्यानंतर मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्या गिअरात ४० च्या वेगाने चढावर ॲक्सिलरेटर द्यायचा. कात्रजचा जुना घाट याला उत्तम. पेडल तळापर्यंत दाबू नये, नाहीतर काही गाड्या स्वतःच खालचा गिअर घेतात. आरपीएम पळतोय आणि वेग तिथेच, म्हणजे क्लच स्लिप होतोय.

सुरुवातीच्या सेलेरिओला हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) नव्हतं, म्हणून बरेच जण चढावर ॲक्सिलरेटर धरूनच गाडी तोलून ठेवायचे. क्लच जळतो तो असा. त्यामुळे ओडोमीटरपेक्षा गाडी कुठे चाललीय हे मी जास्त मोजलं. हायवेवरचे ८० हजार किलोमीटर मला हिंजवडीच्या रांगेतल्या ४० हजारांपेक्षा बरे वाटतात.

ओबीडीत (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये) लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर सोबत हवाच, पण तो बहुधा इंजिनाचेच बिघाडाचे कोड दाखवतो. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचे कोड वाचायला गॅरेजमधला मोठा स्कॅनर लागतो. साध्या स्कॅनरचा खरा उपयोग वेगळा: ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडा. तो दहा-वीस किलोमीटर असेल तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी कोड पुसून डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा विझवलाय. काही गाड्यांत बॅटरी बदलल्यावरही आकडा शून्य होतो, म्हणून त्या वेळी बॅटरीचं बिल मागायचं.

ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा आणि जुलै २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर पाहिलेल्या गाड्या अजून बाजारात फिरतात. एमएच ०६, ०८, ०९, १० दिसलं म्हणजे गाडी वाईटच असं नाही, पण इन्शुरन्सचा क्लेम इतिहास काढावा, कार्पेट उचलून सीटच्या रेलखाली चिखल शोधावा आणि ॲक्च्युएटरच्या कनेक्टरच्या पिना हिरवट पडल्यात का बघावं. पाणी गेलेली एएमटी सुरुवातीला नीट चालते, नंतर मध्येच न्यूट्रलला जाते.

शेवटी एक वॅगन आर निवडली: पंप शांत, कोड नाहीत, सर्व्हिसची नोंद सलग, क्लच मात्र शेवटाला आलेला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरीचं कोटेशन आधीच लेखी घेऊन ते मालकासमोर ठेवलं आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी केली. क्लच बसवताना गिअर ऑइलही बदललं आणि स्कॅनरने क्लच लर्निंग करून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढली नाही. ते राहिलं तर नवीन प्लेटसुद्धा हिसके देते.