ट्रेलर बघून चाहते चिडलेत, मग मालिका फसणार का?

नव्या साय-फाय मालिकेचा ट्रेलर आला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. चाहत्यांनी डोळ्यांनी जे टिपलं, ते बहुतेक वेळा बरोबर असतं. त्यावरून ते पुढची गोष्ट सांगू लागतात, तिथे मात्र गाडी घसरते.

‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’चंच घ्या. जुलै 2016 मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात तिचा छोटा टीझर दाखवला गेला. त्यात फक्त अंतराळजहाज होतं, तेही घाईत केलेल्या कॉम्प्युटर ग्राफिक्समधलं. चाहत्यांनी लगेच ओळखलं, की हा आकार चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांनी सत्तरच्या दशकात, कधीच न बनलेल्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी काढलेल्या रेखाटनांवरून आलाय. ते खरं होतं. ग्राफिक्स कच्चे आहेत हेही खरं होतं आणि मालिकेत जहाज सुधारून आलं.

मे 2017 च्या ट्रेलरमध्ये क्लिंगॉन, म्हणजे स्टार ट्रेकमधले परग्रहवासी, टकले दिसले आणि वादळ उठलं. तक्रार नेमकी होती, तरी पहिल्या सीझनमध्ये काही बदललं नाही, कारण चित्रीकरण जानेवारीतच सुरू झालं होतं. केस उगवले ते 2019 च्या दुसऱ्या सीझनमध्ये. एखादी तक्रार वाचली की म्हणूनच आधी एवढं बघावं : ही गोष्ट कॅमेऱ्यासमोर घडलीय की कॉम्प्युटरवर? जहाज, ग्रह, स्फोट, पडद्यावरची अक्षरं, रंगसंगती हे प्रक्षेपणाच्या तोंडावरही बदलू शकतं. मेकअप, पोशाख, सेट बदलायचे तर पुन्हा चित्रीकरण करावं लागतं, आणि तेवढा पैसा सहसा कोणी सोडत नाही.

आता अंदाजांकडे या. त्याच ट्रेलरमध्ये मिशेल यो कॅप्टन म्हणून दिसत होत्या, त्यामुळे मालिका त्यांच्या जहाजाची आहे असं समजून बरीच चर्चा झाली. प्रत्यक्षात त्यांची कॅप्टन दुसऱ्या एपिसोडमध्येच मारली जाते आणि डिस्कव्हरी हे जहाज तिसऱ्या एपिसोडमध्ये येतं! ट्रेलरमधलं बहुतेक चित्रण सुरुवातीच्या एपिसोडांमधलं होतं. हे नेहमीच होतं, कारण ट्रेलर बनतो तेव्हा तयार माल तेवढाच असतो आणि पुढचं फोडायचंही नसतं.

2003 च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या वेळी तर मालिका दिसण्याआधीच राग उसळला होता. 1978 च्या मालिकेतला स्टारबक पुरुष होता, नव्या मालिकेत ती बाई झाली आणि भूमिका केटी सॅकहॉफ यांच्याकडे गेली. निवड बदलली, हे निरीक्षण अचूक. ‘म्हणून मालिका वाया गेली’ हा निष्कर्ष साफ चुकला. पुढे तिला पीबॉडी हा अमेरिकेतला मानाचा प्रसारण-पुरस्कार मिळाला.

ट्रेलर स्वतः तपासायचा असेल तर आधी आवाज बंद करून बघा. संगीत आणि धडाम्-धुडुम् काढून टाकल्यावर चित्रात किती दम उरतो ते लगेच कळतं. मग उलटं करा, डोळे मिटून नुसते संवाद ऐका. वाक्याच्या मध्येच खोलीचा घुमारा बदलला, किंवा बोलणाऱ्याचा चेहरा न दाखवता पाठ दाखवली, तर ते वाक्य दुसऱ्या प्रसंगातून आणून चिकटवलेलं असण्याची शक्यता दाट. असल्या वाक्यावरून पात्राचा स्वभाव ठरवणं धोक्याचं.

नंतर पोशाख, केस आणि जागा यांवरून शॉट्सचे गठ्ठे करा. दीड-दोन मिनिटांत तीन-चारच गठ्ठे निघाले, तर तुम्ही पूर्ण सीझन नाही, एखाद-दुसरा एपिसोड बघताय.

‘चेहरा किती नकली दिसतो बघा’ म्हणून फिरणाऱ्या स्क्रीनशॉटची तपासणी जरूर करा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागे. अशा मालिका साधारणपणे सेकंदाला 24 फ्रेम्सच्या असतात आणि वेगवान हालचालीतली कुठलीही एकटी फ्रेम धुरकट, वेडीवाकडीच निघते. अंधार, धूर आणि तारांगण यांत व्हिडिओची फाइल लहान करताना चौकोन पडतात, तो दोष ग्राफिक्सचा नव्हे. त्यामुळे सर्वांत वरची रिझोल्यूशन निवडून मागच्या-पुढच्या पाच-सहा फ्रेम्स बघा. तिथेही त्वचा प्लॅस्टिकसारखी, सावली चुकीच्या बाजूला, पाय जमिनीवर न टेकलेले दिसले तर तक्रार रास्त समजा.

आकड्यांच्या नादी लागू नका. यूट्यूबने नोव्हेंबर 2021 मध्ये नापसंतीचा आकडा झाकला. ब्राउझरमध्ये वेगळी टाकलेली जोडणी (एक्स्टेन्शन) जो आकडा दाखवते तो अंदाज असतो. कोणाचं ऐकायचं हे ठरवताना त्याने ट्रेलरमधली नेमकी वेळ दिलीय का ते बघावं : ‘1 मिनिट 12 सेकंदाला दार उलटं उघडतं’ असं लिहिणारा माणूस ‘सगळं संपलं’ म्हणणाऱ्या शंभर जणांपेक्षा जास्त कामाचा. असे लोक मला मनापासून आवडतात, मालिकेवर त्यांचं प्रेम असतं म्हणूनच ते इतकं बारीक बघतात.

प्रदर्शनाआधीची परीक्षणं आली की समीक्षकाने किती एपिसोड बघितले ते शोधा. पुष्कळदा सुरुवातीचे काहीच एपिसोड दिलेले असतात, कधी ग्राफिक्स अपुरे असतात, आणि तसं परीक्षणात नमूद केलेलं असतं.