पिअर रिव्ह्यूचं सर्टिफिकेट आणा, मॅडम!

ठाणे खाडीतल्या तिवरांवरचा माझा रिसर्च पेपर छापून आला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. गाडी अडली ती प्लेसमेंटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या फाइलपाशी, आमच्याच कॉलेजच्या छाननी समितीत.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, होती तोवर बरं होतं. जर्नलचं नाव यादीत आहे? टिक करा, पुढे चला. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने यादीच बंद केली आणि जर्नल पारखायचं काम संस्थांवर सोपवलं. आमच्या संस्थेने ते माझ्यावर ढकललं. "जर्नल पिअर रिव्ह्यूड असल्याचं लेटरहेडवर लिहून आणा, मॅडम. खाली गोल शिक्का हवा." पिअर रिव्ह्यू म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी पेपर तपासणं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत विज्ञानाच्या पेपरला बढतीसाठी 8 गुण; ते सगळे त्या शिक्क्यात अडकले.

आता चांगलं जर्नल असले शिक्के कशाला बाळगेल? संपादकांना मेल केला, त्यांनी वेबसाइटची लिंक पाठवली. "लिंकवर सही कुठाय?" असं मला विचारण्यात आलं. उलट पैसे भरले की आठवड्यात छापून देणारे सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र न मागता धाडतात. तसल्या कागदांनी फुगलेली एक फाइल माझ्यादेखत पुढे सरकली. 2013 मध्ये 'सायन्स' या जर्नलसाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका पेरलेला बनावट पेपर 304 ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांकडे पाठवला होता, निम्म्याहून जास्त ठिकाणी तो स्वीकारला गेला. हे मी समितीत सांगितलं. समन्वयक सर म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण शिक्का?"

माझ्या पेपरवर दोन अनोळखी माणसांनी फुकटात डोकं घातलं होतं. एकाने विचारलं होतं, क्षारता मोजली तेव्हा भरती होती की ओहोटी? त्यापायी वहीतल्या वेळा काढून मी आख्खा तक्ता नव्याने मांडला. ही खरी तपासणी, आणि तिला फाइलीत रकानाच नाही!

शेवटी समीक्षकांचे शेरे, माझी उत्तरं, संपादकांचा मेल, सगळं छापून जोडलं. बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञांनी ते शांतपणे वाचलं, भरती-ओहोटीवर मला दोन प्रश्न विचारले आणि सही केली. अंगावर मूठभर मांस चढलं.

म्हणून ते मेल डिलीट करू नका. पेपर पाठवण्याआधी संपादक मंडळातल्या एकदोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ विचारा. बोगस जर्नलं मोठ्या नावांना न विचारताच मंडळावर बसवतात. आणि हो, शेरे फाइलीला जोडण्याआधी संपादकांची परवानगी घ्या. काही जर्नलं ते गोपनीय मानतात.