युद्धपटांची नवी फेरी: या वेळी कान उघडे ठेवून

मागच्या फेरीत मी युद्धपट नकाशा शेजारी ठेवून पाहिले होते. टेकडी कुणाच्या ताब्यात, तुकडी कुठल्या दिशेने निघाली, पूल कुठे, हे सगळं कागदावर टिपत. या पावसाळ्यात ठरवलं की आता लक्ष आवाजावर. पडद्यावर काय दिसणार ते पाठ झालेलं आहे. काय ऐकू येतं, केव्हा येतं आणि कुठे मुद्दाम ऐकू दिलं जात नाही, तेवढंच लिहून ठेवायचं. आतापर्यंत जे हाती लागलं ते इथे मांडतेय.

सुरुवात करणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. टीव्हीच्या सेटिंगमधला नाइट मोड बंद करा. तो बारीक आवाज वर उचलतो, मोठे आवाज दाबतो आणि कुजबुज आणि तोफ जवळजवळ एका पातळीवर आणून ठेवतो. शेजाऱ्यांची अडचण असेल तर पूर्ण कान झाकणारे हेडफोन वापरा. भाषा मूळचीच हवी, खाली सबटायटल. डबिंगमध्ये संवाद बदलतातच, पण संवादांच्या मागचा श्वास, खोकला, दुरून आलेली हाकही अनेकदा पुसट होते.

पहिला नंबर वोल्फगांग पीटरसनच्या १९८१च्या, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीवरच्या ‘दास बोट’चा लावला आणि फेरीतला बराचसा वेळ तिथेच गेला. मी १९९७ची २०९ मिनिटांची आवृत्ती घेतली, कारण तिच्या ध्वनीवर नव्याने काम झालं आहे. या चित्रपटामागची एक गोष्ट माहीत असेल तर तो वेगळाच ऐकू येतो. पाणबुडीच्या अरुंद बोळातून धावत चित्रण करता यावं म्हणून छायाचित्रकार योस्ट वाकानो यांनी जायरोस्कोप बसवलेला हातातला कॅमेरा तयार केला. त्या यंत्राचा आवाज इतका होता की सेटवर संवाद रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. नटांनी स्वतःचे जर्मन संवाद नंतर स्टुडिओत बोलले. म्हणजे आपल्याला जी पाणबुडी ऐकू येते ती जवळजवळ सगळी नंतर घडवलेली आहे. पत्र्याचं कण्हणं, डिझेल इंजिनाची धडधड, दाबाने उडालेले बोल्ट, सगळं.

हे कळल्यावर विनाशिका, म्हणजे शत्रूची युद्धनौका, पाठलाग करते तो प्रसंग परत लावला. वरचं जहाज दिसत नाही. हेडफोन लावून बसलेला हिनरिख कुजबुजत अंतर सांगतो आणि सगळे वर छताकडे बघत राहतात. मग सोनारची, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची, ती टणटण येते. आधी लांबून, मग जवळून, मग थेट कवचावर आपटल्यासारखी. त्यानंतर जी शांतता पसरते तिच्यात घामाचा थेंबही ऐकू येईल असं वाटतं. शेवट माहीत असूनही माझे खांदे आखडले. कथा एकदा कळली की संपते, पण अशा प्रसंगात पुढचा आवाज नेमका कोणत्या क्षणी येणार ते लक्षात ठेवता येत नाही. हे चित्रपट परत परत पाहावेसे वाटतात ते त्यामुळेच, असं माझं ठाम मत झालं आहे.

जिब्राल्टरजवळ बोट समुद्रतळाला टेकते तो भागही याच कारणासाठी ऐका. खोली दाखवणारा काटा २८० मीटरवर जातो, आणि काट्याच्याही आधी पोलाद बोलायला लागलेलं असतं.

त्यानंतर एलेम क्लिमोव्हचा १९८५चा ‘कम अँड सी’. याच्याबद्दल लिहिणं सोपं नाही आणि लागोपाठ दोनदा पाहू नका, एवढं कळकळीने सांगते. १९४३चा बेलारूस, पार्टिझनांमध्ये, म्हणजे जर्मनांशी गनिमी काव्याने लढणाऱ्यांमध्ये, सामील झालेला फ्ल्योरा नावाचा मुलगा. जंगलावर बॉम्ब पडतात आणि त्याच्या कानांत एक बारीक, तीक्ष्ण सूर सुरू होतो. तो सूर आपल्यालाही ऐकावा लागतो, बराच वेळ. माणसं बोलतात ती भिंतीपलीकडून बोलल्यासारखी. मग तो आणि त्याच्यासोबतची मुलगी ग्लाशा त्याच्या घरी पोचतात. घर रिकामं, सूप अजून कोमट आणि माश्यांचा गुणगुणाट. पहिल्यांदा पाहताना मी ग्लाशाच्या वळून पाहण्याकडे बघत होते. या वेळी लक्षात आलं की गावातली माणसं मारली गेली आहेत हे माश्यांनी आधीच सांगून टाकलेलं असतं. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या जर्मन टेहळणी विमानाची घरघरही चित्रपटभर परतत राहते. पटकथेचे सहलेखक आलेस आदामोविच स्वतः कोवळ्या वयात पार्टिझनांबरोबर होते. शेवटी पडद्यावर आकडा येतो: रहिवाशांसकट जाळलेली ६२८ गावं.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून ओमाहा किनाऱ्याबद्दल थोडक्यात. त्या संपूर्ण लढाईत जॉन विल्यम्सचं संगीत नाही. पाण्याखाली गेलं की गोळ्यांचा आवाज बदलतो, आणि नायक कॅप्टन मिलरचे कान बंद होतात तेव्हा आपलेही. मला मात्र शेवटची लढाई आता जास्त मोलाची वाटते. रामेल या काल्पनिक गावात सैनिक वाट बघत बसले आहेत, ग्रामोफोनवर एदित पियाफचं गाणं चालू आहे आणि त्याच्या खालून जमिनीतून घरघर यायला लागते. रणगाडे बऱ्याच वेळाने दिसतात. हा भाग हेडफोनवर नको, स्पीकरवरच ऐका. ती घरघर छातीत जाणवायला हवी.

आणि इथेच मला राजस्थानातलं लोंगेवाला आठवलं. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे येत असल्याची पहिली खबर लेफ्टनंट धरमवीर यांच्या गस्ती तुकडीने दिली, ती वाळवंटातल्या अंधारात आवाज ऐकून. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या चौकीने ती रात्र तग धरली आणि सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली. म्हणजे रामेलमधली ती घरघर नुसती पटकथेची करामत नाही. रात्रीच्या लढाईत शत्रू खरोखरच असा आधी ऐकू येतो. याच लढाईवरचा ‘बॉर्डर’ (१९९७) त्या दृष्टीने परत लावणार आहे.

हिंदीतला ‘हकीकत’ (१९६४) या फेरीत वेगळ्या वाटेने आला. चेतन आनंद यांनी लडाखमध्ये चित्रित केलेला, १९६२च्या युद्धावरचा. स्फोटांच्या ध्वनीत तो वरच्या चित्रपटांच्या जवळपासही नाही आणि ती अपेक्षाही नको. पण ‘होके मजबूर मुझे’ नीट ऐका. मदन मोहन यांनी एकच गाणं रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर अशा चार गळ्यांत वाटलं आहे. प्रत्येक आवाजाबरोबर घर सोडून आलेला एक वेगळा माणूस उभा राहतो. त्या चौघांपैकी भूपिंदर तर पडद्यावरही आहेत. सैनिकांची घरची ओढ दाखवणारं याहून नेमकं गाणं मला हिंदी युद्धपटांत सापडलेलं नाही.

‘डंकर्क’ (२०१७) अर्धाच झाला आहे. घड्याळाची टिकटिक आणि सतत चढत राहिल्याचा भास देणारा शेपर्ड टोन यांच्यावर आधीच भरपूर लिहिलं गेलंय. मी सध्या विमानांच्याच मागे आहे. श्टूका या जर्मन बॉम्बफेकी विमानाची किंकाळी एकीकडे आणि इंधन संपलेल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची नीरव तरंगत जाणारी फेरी दुसरीकडे. ती शांतता परिणाम करते, कारण तोवर इंजिन क्वचितच थांबलेलं असतं.

पुढच्या यादीत ‘अपोकॅलिप्स नाऊ’ आहे, ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्चने हेलिकॉप्टर आणि छताचा पंखा एकमेकांत कसे मिसळले ते ऐकायला. त्यानंतर गोविंद निहलानींचा ‘विजेता’, मिग लढाऊ विमानांच्या आवाजासाठी. त्याची चांगल्या ध्वनीची प्रत कुणाकडे असेल तर जरूर कळवा.