काकांची टाकी

आमच्या गच्चीवरनं ध्रुवतारा दिसत नाही. कोल्हापूरला तो उत्तरेला जेमतेम १७ अंश वर असतो आणि नेमकी तिथंच शेजारच्या काकांची पाण्याची टाकी. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर ध्रुव धरूनच लावायचा असतो, म्हणजे माझं सगळं मोबाईलच्या होकायंत्रावर अंदाजपंचे, मिनिटभर एक्स्पोजर दिलं की ताऱ्यांच्या रेघा. म्हणून ३०-३० सेकंदांचेच फोटो.

एप्रिलमध्ये साखर कारखाने बंद झालेले असतात, काजळी नसते (दोरीवरच्या पांढऱ्या शर्टाला विचारा). मध्यरात्री सप्तर्षी वर चढले की शेपटाच्या टोकाचा मरीची शोधायचा, त्याच्यापासनं दोनेक बोटांवर एम ५१, भोवऱ्यासारखी सर्पिल दीर्घिका. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही. फोटोतही शहराचा पिवळट उजेड आणि त्यात पुसट डाग, बास. तसले २४० काढले.

पुढचं काम गुऱ्हाळाचं. रस काहिलीत उकळत ठेवायचा आणि मळी काढत बसायचं, तसं रेघा आलेले, सॅटेलाइट घुसलेले फोटो टाकून दिले, १८० उरले, ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचले. दीर्घिकेचा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी, फोटोतली दाणेदार खरखर मात्र दरवेळी वेगळी, म्हणून १०० फोटोंची सरासरी काढली की ती दहापट कमी होते. आणि पहाटे स्क्रीनवर चक्क दोन वळलेले हात! लॉर्ड रॉसनं १८४५ मध्ये आयर्लंडात ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतनं हेच हात बघून कागदावर हातानं काढले होते, मी तर बनियनवर चहा पीत बसलेलो.

हा उजेड निघून सुमारे तीन कोटी वर्षं झाली. तेव्हा आपल्या सह्याद्रीचा काळा कातळसुद्धा जुनाच झालेला होता, हे डोक्यात आलं आणि चहा गार झाला.

त्या रात्री टाकी वाहायला लागली तसे काका वर आलेले, "रात्री एकला कुणाचा फोटू काढालाईस रं?" म्हणून विचारून गेलेले. दुसऱ्या दिवशी दाखवला. दोन बोटांनी मोठा करून बघितला.

"ह्यो बारका कोण चिकटलाय?"

"शेजारची दीर्घिका काका. तिच्या ओढीनंच हिचे हात एवढे ठळक झालेत."

"म्हंजे शेजाऱ्यामुळं फायदाच झाला की तिचा," म्हणाले आणि मोटर लावायला खाली गेले.

टाकीचा विषय काढायचा राहूनच गेला.