भट्टीत शिरलेला पावसाळा

जुलै लागला तशी आमची जंगलं खुरटली. सिलिकॉनच्या चिपवर कार्बनच्या नॅनोट्यूब, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, दाटीने उभ्या वाढतात, त्याला लॅबमध्ये जंगल म्हणतात. उन्हाळ्यात आमच्या पुण्याच्या लॅबमधल्या याच भट्टीत, ७५० अंश सेल्सिअसला, दहा मिनिटांत मिलिमीटरभर उंचीचं काळंभोर जंगल यायचं. चिप तशाच: १० नॅनोमीटर ॲल्युमिना, त्यावर १ नॅनोमीटर लोखंड. कार्बन पुरवणारं इथिलीन, हायड्रोजन, आर्गॉन यांचे प्रवाहही तेच. तरी आता कडेला जेमतेम थर आणि मध्ये करडा डाग.

मला आधी हायड्रोजनचा संशय होता. तापलेला लोखंडाचा थर हायड्रोजनमध्ये फुटतो, त्याचे बारीक कण होतात आणि त्यांवर नळ्या उगवतात. वेळ जास्त झाला तर लहान कण मोठ्यांत विरतात आणि जंगल विरळ होतं. वेळ कमीजास्त करून पाहिला. काही हललं नाही.

त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. शेजारच्या लॅबमधून दवबिंदूचा मीटर (गॅसमधलं पाणी किती अंशांना जमू लागेल ते सांगणारा; आकडा जितका खाली, तितका गॅस कोरडा) मागून आणला आणि भट्टीतून गॅस बाहेर पडतो त्या नळीवर बसवला. चिप ठेवली, झाकण लावलं, आर्गॉन सोडला. रोजच्या वेळेनंतर आकडा दिसला उणे ३० अंश. म्हणजे दहा लाखांत चारशे भाग पाणी, तेही आम्ही न घातलेलं!

पाणी लागतंच, पण मापात. २००४ मध्ये जपानच्या त्सुकुबात केंजी हाता आणि सुमिओ इइजिमा यांच्या गटाने इथिलीनमध्ये किंचित वाफ मिसळून दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच एकभिंती (कार्बनच्या एकाच थराच्या) नळ्या वाढवल्या. लोखंडाच्या कणावर नुसत्या कार्बनची पुटं चढली की तो मरतो. वाफ ती पुटं जाळते. वाफ फार झाली तर मात्र ती नळ्यांनाच खाते. आम्हीही बबलरमधून, म्हणजे पाण्यातून आर्गॉनचे बुडबुडे सोडणाऱ्या बाटलीतून, दोनशे भाग वाफ देत होतो. त्यात पावसाळ्याचे चारशे मिळाले.

२६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर हजार भागांत तीस भाग पाणी असतं. झाकण उघडलं की ते आत येतं. हवा आर्गॉनने लगेच लोटली जाते, पण भट्टीतल्या क्वार्ट्झच्या नळीच्या थंड टोकांना चिकटलेलं पाणी फार चिवट. टोकांना हीटिंग टेप गुंडाळला आणि आर्गॉन चालूच ठेवला. सिलिंडर बघणारे काका काळजीत पडले.

"ताई, असा सोडलात तर शनिवारपर्यंत पुरायचा नाही."

"नाही पुरला तर मी मॅडमशी बोलते, काका. आज उणे ६० बघायचंच."

दुपार उलटून गेल्यावर उणे ६० आलं. मग मिनिटाला लिटरभर गॅसमध्ये बबलरमधून गेलेला आर्गॉन फक्त ६ मिलिलिटर मिसळला, की झाले दोनशे भाग. चिप बाहेर काढली तेव्हा कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं काळं जंगल उभं होतं. मी आनंदाने ओरडलेच.

मॅडमना तेवढ्याने पटलं नाही, आणि ते बरंच झालं. "आता मुद्दाम बिघडवून दाखव," त्या म्हणाल्या. पुन्हा उणे ६०पर्यंत वाळवलं, पण या वेळी ओला आर्गॉन १८ मिलिलिटर दिला, म्हणजे सहाशे भाग. रात्री चिप निघाली: कडेला जेमतेम थर, मध्ये करडा डाग. तापमान आणि प्रवाह लिहितो तसा दवबिंदूही प्रत्येक प्रयोगाला लिहिलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मॅडमनी त्याच रात्री लॉगबुकात त्याचा रकाना आखला.