छप्पर, बाई आणि हंस

चीनमधल्या शिआनला पोचलो त्याच संध्याकाळी हॉटेलातल्या मुलीने मला एक अक्षर कागदावर काढून दाखवलं. आधी एक ठिपका, मग छपरासारखी रेघ आणि त्या छपराखाली 'स्त्री'चं अक्षर. उच्चार 'आन'. अर्थ शांतता, स्वस्थता. घरात बाई आहे म्हणजे घर स्वस्थ आहे! पुढचे चार दिवस मी शहरभर हे अक्षर शोधत फिरलो, आणि ते जागोजागी भेटलं.

शहराच्या नावातच ते आहे. शिआन म्हणजे पश्चिमेची शांतता. हे नाव मिंग राजवटीत, 1369 साली पडलं. त्याआधी थांग सम्राटांची राजधानी इथे होती, तेव्हाचं नाव चांगआन, म्हणजे दीर्घ शांतता. आजचा तट मिंग काळातला. सुमारे 14 किलोमीटरचा हा तट वरून इतका रुंद आहे की त्यावर सायकली चालतात. मीही भाड्याने घेतली. वरच्या विटा खडबडीत, त्यामुळे पूर्ण फेरी होईपर्यंत हात बधिर झाले, पण चारही मुख्य वेशी सलग पाहायला मिळाल्या. चिनी भाषेत वेशीला 'मन' म्हणतात. पश्चिमेला आनदिंगमन, उत्तरेला आनयुआनमन. या दोन्हींवर माझं अक्षर होतं. पूर्वेची छांगलमन, म्हणजे अखंड आनंदाची वेस. आणि दक्षिणेच्या योंगनिंगमनचा अर्थ पुन्हा कायमची शांतता. बांधणाऱ्यांना काय हवं होतं ते त्यांनी प्रत्येक दारावर लिहून ठेवलंय.

तटाच्या आत, दक्षिणेला, शिआमालिंग नावाची गल्ली आहे. 'घोड्यावरून उतरण्याची समाधी.' तोंग चोंगशू या हान काळातल्या विद्वानाची ही समाधी, आणि इथून जाताना सम्राट वू आदराने पायउतार व्हायचा, अशी कथा. बोलीत या नावाचं 'हामालिंग' झालं, म्हणजे बेडकाची समाधी. दोन्ही नावं शेकडो वर्षं सोबत नांदली.

जेवायला घंटा मनोरा आणि नगारा मनोरा ओलांडून हुई मुसलमानांच्या वस्तीत गेलो. तिथे फाओमो मागवलं की आधी रिकामा वाडगा आणि घट्ट रोटी समोर येते. ती आपणच हाताने कुस्करायची, हरभऱ्याएवढे तुकडे होईपर्यंत. शेजारच्या आजोबांनी माझे तुकडे पाहून मान हलवली, हात पुढे केला आणि चिमटीने ते आणखी बारीक करून दिले. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यासकट परत येतो.

शेवटचा दिवस दायानथासाठी राखला होता. 'दा' मोठा, 'यान' रानहंस, 'था' स्तूप. चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांगने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी हा मनोरा 652 मध्ये उभा राहिला. सोबत 657 ग्रंथ घेऊन तो 645 मध्ये चांगआनला परतला होता. हंसाचं नाव कुठून आलं? मगधात भुकेल्या भिक्षूंसमोर आकाशातून एक हंस पडला, भिक्षू वरमले आणि त्याच्यावर स्तूप बांधला, ही गोष्ट त्यानेच नोंदवली आहे. म्हणजे चीनच्या या मनोऱ्यावरचा हंस आपल्याकडचा.

ज्या मठात हा मनोरा आहे त्याचं नाव त्सिअन, मातेची माया. युवराजाने दिवंगत आईच्या स्मरणार्थ तो बांधला.

लाकडी जिन्याने सातव्या मजल्यावर गेलो. दक्षिणेच्या खिडकीत दाटीने उभा राहिलो तेव्हा पुलकेशीच्या राज्याबद्दलची युआन श्वांगची नोंद आठवली. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोसत नाहीत, असं त्याने आपल्या महाराष्ट्राबद्दल लिहिलं होतं. डोंगरातल्या एका भव्य विहाराचं, दाराशी उभ्या दगडी हत्तींचं वर्णनही. ते अजिंठ्याचं, असं अभ्यासक मानतात. अजिंठ्याचे ते हत्ती मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिले आहेत. खाली चौकात युआन श्वांगचा पुतळा उभा होता, हातात दंड, पाठ मठाकडे.