आबा म्हणाले बेवड चुकला, मी म्हटलं थांबा आधी आरएनए काढते

एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर, ठाण्याहून रोज रबाळेच्या एका लॅबमध्ये जायचे आणि प्रोजेक्ट काय तर सफरचंदाच्या बागेतली माती थकलीय का ते झाडाच्या जीनवरून ओळखायचं. ठाण्यात सफरचंद फक्त हातगाडीवर बघितलेलं!! आबांना सांगितलं (आमची शेती जुन्नरला) तर म्हणे, अगं म्हणजे बेवड चुकला, त्यात तपासायचं काय. (बेवड म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम.)

तसं बरोबरच. जुनी बाग काढून तिथेच परत सफरचंद लावलं की नवी झाडं खुरटतात, मुळं काळी पडतात, पण बुरशी, पिथियम (बुरशीसारखाच एक सूक्ष्मजीव), सूत्रकृमी असे बरेच जण मिळून हे करतात, एकाला धरता येत नाही. म्हणून सरळ मुळालाच विचारायचं. जर्मनीत हॅनोव्हरच्या लोकांनी दाखवलंय की अशा मातीत एम२६ या सफरचंदाच्या खुंटाच्या (ज्यावर कलम बांधतात त्या झाडाच्या) मुळांत बीआयएस३ हा जीन सातच दिवसांत जोरात चालू होतो, झाड बुरशीशी लढायला बायफेनिलं नावाची रसायनं बनवायला लागतं. नाहीतर कुंडीत रोपं लावून वाढ मोजायची, त्यात दोन महिने जातात, वर तुलनेसाठी माती ऑटोक्लेव्ह केली (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केली) की अन्नद्रव्यं सुटून रोपं तशीही तरारतात, मग फरक नक्की कशाचा ते कळत नाही.

शिमल्याकडच्या बागेतली माती आली, अर्धी ऑटोक्लेव्ह केली, अर्धी तशीच, दोन्हीत टिश्यू कल्चरची रोपं लावली. इथवर मजा होती.

जीन चालू झाला की त्याची आरएनए नक्कल बनते, मुळातून तीच काढून मोजायची. पहिल्यांदा आरएनए काढला तर ट्यूबमध्ये कटिंग चहाच्या रंगाचं चिकट काहीतरी, सफरचंदाच्या मुळांत फिनॉल ठासून भरलेले असतात आणि साध्या किटला ते झेपत नाहीत. मग ते फिनॉल हटवायला सीटॅब, पीव्हीपी ही रसायनं आणि तो मर्कॅप्टोइथेनॉल, ज्याचा वास घरी जाईपर्यंत नाकातून जात नाही, लोकलमध्ये शेजारची बाई उठून गेली असं मला अजून वाटतं. दुसऱ्यांदा चूक माझीच, मातीचा कण न् कण ब्रशने काढत बसले आणि तोवर आरएनए तुटला. तिसऱ्यांदा मुळं गोठवायचा लिक्विड नायट्रोजन ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. चौथ्यांदा मूळ पाण्यात दोनदा खळबळून टिपलं की थेट नायट्रोजनमध्ये, आणि जमलं एकदाचं. क्यूपीसीआरवर (जीन किती चालू आहे ते मोजणारं मशीन, जेवढा जास्त चालू तेवढा कर्व्ह लवकर उठतो) थकलेल्या मातीचे कर्व्ह आधी उठले, ऑटोक्लेव्हवाले कितीतरी मागून रांगत आले, मी तर स्क्रीनचा फोटोच काढला.

आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, बरं, आता तिथं परत सफरचंद कधी लावायचं ते पण विचार की त्या मुळाला.